सीमेवरचा डोळा आणि राजधानीचा कान

‘सीमा’ हा शब्द उच्चारताच बेळगाव-निपाणीकडील आपल्या वाचकांच्या मनात जे उभे राहते, ते इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथील वाचकांच्या मनात उभे राहीलच असे नाही. म्हणून आरंभीच सांगतो, की प्रस्तुत लेखाचा विषय राज्याराज्यांतील सीमांचा नाही. देशाच्या सीमांचा आहे. या सीमांच्या रक्षणाविषयी गेली काही वर्षे एक मत मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. व्याख्यानमालांत ते ऐकू येते, वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत वाचावयास मिळते, आणि आपल्या सभा-संमेलनांतील चहाच्या गप्पांतही ते सर्वमान्य सिद्धान्तासारखे वावरते. ते मत थोडक्यात असे : कुंपणाला संवेदक लावा, खांबाखांबावर कॅमेरे बसवा, वर ड्रोन फिरवा, त्याहून वर उपग्रह ठेवा, आणि हे सारे एका खोलीतील पडद्यावर आणा. मग सीमेवर मुंगीही सरकली तरी दिल्लीला कळेल, आणि हजारो जवानांना थंडीवाऱ्यात उभे करण्याची गरज उरणार नाही.

हे मत मला अपुरे वाटते. इतकेच नव्हे, ते धोक्याचे वाटते. यंत्रांना माझा विरोध नाही, हे पुढे स्पष्ट होईलच. पण देशोदेशींच्या सीमा ज्या ज्या प्रसंगी फसल्या, त्यांतील बहुतेक प्रसंगी येणारे संकट कोणी ना कोणी पाहिले होते. पाहणाऱ्याचे म्हणणे ऐकून घेणारा मात्र कोणी नव्हता. दुखणे कानाचे आहे आणि आपण एकामागून एक डोळे विकत घेत सुटलो आहोत.

प्रथम यंत्रांचे देणे मान्य करू. मनुष्याच्या डोळ्याला रात्री दिसत नाही. शरीराच्या उष्णतेवरून आकृती दाखविणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याला दिसते. जमिनीखाली पुरलेल्या प्रकाशतंतूतून सोडलेल्या किरणाचा काही अंश सतत मागे परततो, आणि वरून कोणी चालत गेले की त्या परतीच्या प्रकाशात बारीक फरक पडतो. त्यावरून पाऊल नेमके कुठे पडले ते कळते. लहान रडार दूरवरची हालचाल टिपते. ब्रह्मपुत्रेसारख्या नदीत तर कुंपण घालणेच अशक्य. पात्र दरवर्षी बदलते, बेटे आज असतात आणि पुढील पावसाळ्यात नाहीशी होतात. आसामातील धुब्री येथे अशा ६१ किलोमीटर नदीसीमेवर मार्च २०१९ मध्ये कॅमेरे, रडार व संवेदक यांची योजना सुरू झाली, ती योग्यच झाली. त्याआधी सप्टेंबर २०१८ मध्ये जम्मूच्या सीमेवर सुमारे पाच-पाच किलोमीटरच्या दोन टप्प्यांत अशीच प्रायोगिक योजना कार्यान्वित झाली होती. जानेवारी २०१६ मधील पठाणकोटच्या हल्ल्यानंतर या प्रयत्नांना गती मिळाली, हे सर्वांना ठाऊक आहे.

ड्रोनची गोष्ट तर उघडच आहे. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या वायुदल तळावर ड्रोनमधून स्फोटके टाकली गेली. पंजाबच्या सीमेवर २०२४ या एकाच वर्षात सीमा सुरक्षा दलाने अडीचशेहून अधिक ड्रोन हस्तगत केले. हे नुसत्या डोळ्यांनी आणि काठीने थोपविता येणारे संकट नव्हे. मे २०२५ मध्ये पाकिस्तानकडून ड्रोनच्या झुंडी आल्या, तेव्हा रडार आणि त्यांना एका सूत्रात गुंफणारी ‘आकाशतीर’ ही स्वदेशी प्रणाली उपयोगी पडली, हेही नाकारण्याचे कारण नाही. ग्वाल्हेरकडील आपल्या मंडळींना टेकनपूरची सीमा सुरक्षा दलाची अकादमी परकी नाही आणि इंदूरकरांना त्या दलाचे शस्त्र व युद्धतंत्राचे विद्यालय ठाऊक आहे. तेथे शिकून सीमेवर जाणाऱ्या तरुणाच्या हाती उत्तमातले उत्तम यंत्र असावे, याविषयी दुमत असूच शकत नाही.

मतभेद पुढेच सुरू होतो. यंत्र संकट ‘ओळखते’ असे जे म्हटले जाते, ते शब्दशः खरे नाही. यंत्र फरक टिपते. जमीन हादरली, उष्णता दिसली, काही हलले, एवढेच ते सांगते. हादरा नीलगाईचा, रानडुकराचा, पाण्याची पाळी द्यायला निघालेल्या शेतकऱ्याचा की घुसखोराचा, हा निर्णय शेवटी कोणाला तरी करावाच लागतो.

येथे थोडे अंकगणित करून पाहू. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा, सीमेच्या एका टापूत दर रात्री जनावरे, वारा, माणसे मिळून १००० हालचाली होतात. आपले यंत्र इतके चांगले आहे, की शंभरातील नव्याण्णव निरुपद्रवी हालचाली ते बरोबर सोडून देते आणि एकाच बाबतीत चुकते. म्हणजे रात्रीला १० खोट्या सूचना झाल्या. आता खरा घुसखोर शंभर रात्रींतून एकदा येतो असे धरू, आणि तो आला की यंत्र त्याला न चुकता टिपते असेही धरू. तर शंभर रात्रींत खोट्या सूचना १०००, खरी सूचना एक. पडद्यासमोर बसलेल्या जवानाने हजार वेळा उठून पाहिले आणि हजार वेळा त्याला डुकरे, कुत्री आणि वाऱ्याने हलणारी झुडपे दिसली. नंतर येणाऱ्या सूचनेला तो पूर्वीच्याच तत्परतेने उठेल काय? यंत्राचा दर्जा वाढविला तर आकडे सुधारतील, पण त्रैराशिकाचा स्वभाव बदलणार नाही. खरे संकट जितके दुर्मीळ, तितका त्याच्याभोवती खोट्या हाकांचा गलबला मोठा. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण मुलांना खोटे बोलू नये म्हणून सांगतो. सीमेवरच्या त्या खोलीत हाक मारणारा खोटारडा नसतो, तरीही परिणाम तोच होतो.

अमेरिकेने हा अनुभव पैसे मोजून घेतला आहे. मेक्सिकोलगतच्या आपल्या सीमेवर कॅमेरे, रडार व संवेदक लावलेल्या मनोऱ्यांची ‘आभासी भिंत’ उभारण्याची योजना त्या देशाने २००६ मध्ये हाती घेतली आणि काम बोइंग कंपनीकडे सोपविले. ॲरिझोनाच्या वाळवंटात पावसाचे थेंब आणि वाऱ्याने डोलणारी झुडपे रडारला गोंधळात टाकू लागली. जानेवारी २०११ मध्ये योजना गुंडाळली गेली तेव्हा सुमारे एक अब्ज डॉलर खर्च झाले होते आणि हाती आली होती जेमतेम ५३ मैलांची सीमा.

याहून मोठा आणि रक्ताने लिहिलेला धडा गाझाच्या सीमेवरचा आहे. सीमेवरील तंत्रज्ञानाचा आदर्श म्हणून आपल्याकडे सर्वांत अधिक नाव घेतले जाते ते इस्रायलचे, म्हणून तो नीट पाहावयास हवा. गाझापट्टीभोवतीचा सुमारे ६५ किलोमीटरचा नवा अडसर डिसेंबर २०२१ मध्ये पूर्ण झाला. सहा मीटर उंच पोलादी कुंपण, जमिनीखाली भुयारे रोखणारी काँक्रीटची भिंत, त्या भिंतीत संवेदक, वर रडार आणि कॅमेरे, दुरून चालविता येणाऱ्या मशीनगन. खर्च सुमारे साडेतीन अब्ज शेकेल. सीमेवरील लोकांना आता निर्धास्त झोप लागेल, असा सर्वसाधारण समज होता.

७ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी हमासने छोट्या ड्रोनमधून स्फोटके टाकून कॅमेरे आणि दूरनियंत्रित तोफा निकामी केल्या, बुलडोझरने आणि सुरुंगाने कुंपण अनेक ठिकाणी फोडले, आणि दिवस मावळण्यापूर्वी सुमारे १२०० माणसे मारली गेली, २५१ ओलीस नेली गेली. कुंपण तुटले हे दिसते. पण त्याआधी काय घडले होते? नहल ओझ या सीमेलगतच्या लष्करी ठाण्यावर कॅमेऱ्यांच्या पडद्यांसमोर बसणाऱ्या तरुण मुलींनी, सक्तीच्या लष्करी सेवेतील त्या निरीक्षक मुलींनी, कुंपणापलीकडच्या बदललेल्या हालचाली महिनोन्‌महिने पाहिल्या होत्या आणि वर कळविल्या होत्या. पलीकडे हल्ल्याचा सराव चालला आहे, कुंपणाजवळ अनोळखी माणसे येऊन निरीक्षण करीत आहेत, असे त्या सांगत होत्या. हमासच्या हल्ल्याचा जवळजवळ संपूर्ण आराखडा वर्षभराहून अधिक काळ इस्रायली गुप्तवार्ता खात्याच्या हाती होता, आणि जुलै २०२३ मध्ये त्याच खात्यातील एका महिला विश्लेषकाने चाललेला सराव त्या आराखड्याशी जुळतो असे लेखी बजावले होते. वरिष्ठांचे मत ठरलेले होते : हमासची एवढी ताकद नाही आणि तशी इच्छाही नाही. नहल ओझमधील त्या निरीक्षक मुलींपैकी अनेक त्या दिवशी ठाण्यातच मारल्या गेल्या, काही पकडून नेल्या गेल्या.

येथे यंत्राने आपले काम केले होते. पडद्यापुढच्या मुलींनीही चोख केले होते. अपयशी ठरली ती वरची पायरी, आणि तिला वाकविणारे यंत्र अद्याप निघालेले नाही. उलट मी असे म्हणेन, की त्या भव्य कुंपणानेच वरिष्ठांच्या निर्धास्तपणाला बळ दिले. एवढा खर्च करून भिंत उभी केल्यावर ‘ती पुरी पडणार नाही’ असे सांगणारी वीस वर्षांची मुलगी कोणाला आवडणार?

आता आपल्या घरी येऊ. ऑगस्ट १९६५ मध्ये पाकिस्तानने काश्मीरात वेषांतरित सैनिक घुसविले. त्यांची पहिली पक्की खबर गुलमर्गच्या बाजूने मोहम्मद दीन नावाच्या एका गुज्जर गुराख्याने दिली. घुसखोरांनी त्याला पैशाचे आमिष दाखविले होते. तो सरळ पोलिसांकडे गेला. त्याचे ऐकले गेले, लष्कर हलले, आणि पुढचा इतिहास आपणांस ठाऊक आहे. मे १९९९ मध्ये कारगिलच्या बटालिक भागात गारकोन गावचा ताशी नामग्याल हा आपला हरवलेला याक शोधत डोंगरावर गेला आणि दुर्बिणीतून त्याला काळ्या कपड्यांतली माणसे दगड रचताना दिसली. त्यानेही खाली येऊन ठाण्यावर सांगितले. तोवर हिवाळाभर हेलिकॉप्टरमधून टेहळणीची उड्डाणे होत राहिली होती आणि त्यांतून काहीही हाती लागले नव्हते. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील कारगिल पुनरावलोकन समितीचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे आला. त्यात उपग्रह व मानवरहित विमानांची उणीव दाखविलेली आहे, हे खरे. पण वेगवेगळ्या खात्यांकडे आलेले माहितीचे तुकडे एकत्र करून त्यांचा अर्थ लावणारी व्यवस्था नव्हती, हेही त्याच अहवालाचे म्हणणे आहे. पहिली उणीव आपण झपाट्याने भरून काढू लागलो, कारण ती बाजारात विकत मिळते. दुसरी भरून काढण्यासाठी खात्याखात्यांतील मानापमान बाजूला ठेवावे लागतात.

५२७ जवान गमावून जे शिकायचे, ते आपण अर्धेच शिकलो की काय, अशी शंका येते.

बडोद्याकडील वाचकांना ‘पगी’ हा शब्द नवा नसेल. कच्छ, बनासकांठा आणि थरच्या वाळवंटात पावलांचे ठसे वाचणारी ही माणसे. वाळूवरील उंटाच्या खुराच्या खोलीवरून पाठीवर किती ओझे होते, माणसे किती होती, ती केव्हा गेली आणि कुठे विसावली, हे ती सांगत. बनासकांठ्याचे रणछोडभाई रबारी यांनी १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत लष्कराला अशी साथ दिली. पुढे सीमा सुरक्षा दलाने आपल्या एका चौकीला त्यांचे नाव दिले. आजही राजस्थानात जवान कुंपणालगतची वाळू सारखी करून ठेवतात आणि पहाटे त्यावर उमटलेले ठसे तपासतात. एका अर्थाने वाळूची ती पट्टी हाही संवेदकच आहे, वीज न लागणारा आणि बिघाड न होणारा. तिचा अर्थ लावायला मात्र जाणता लागतो. असा जाणता वीस-पंचवीस वर्षांत घडतो, आणि त्याची मुले आज ते काम शिकत नाहीत, कारण त्यात पोट भरत नाही. नव्या कॅमेऱ्यासाठी निविदा निघते. पगीसाठी कोणी निविदा काढीत नाही.

समुद्राची कथा तर आपल्या अधिकच जवळची. ३ फेब्रुवारी १९९३ च्या सुमारास रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यात, शेखाडीच्या किनाऱ्यावर, आरडीएक्स उतरले आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे मरण पावली. तेव्हा किनाऱ्यावर रडार नव्हते. पण रडार असते तरी काय झाले असते? सीमाशुल्क खात्याचे अधिकारी आणि पोलीस त्या कटात सामील होते, हे न्यायालयात सिद्ध झाले. डोळे जागेवर होते, त्यांना मिटण्याचे पैसे मिळाले होते. नोव्हेंबर २००८ मध्ये ‘कुबेर’ ही मासेमारी नौका समुद्रात बळकावून दहा जण मुंबईच्या मच्छीमार वस्तीजवळ रबरी होडीतून उतरले. उतरताना त्यांना कोणी पाहिले? कोळी बांधवांनी. त्यांनी हटकलेही. त्यापुढे ती खबर जेथे आणि ज्या वेगाने जावयास हवी होती, तेथे ती गेली नाही. १६६ जण मारले गेले.

त्यानंतर किनाऱ्यावर रडारांची साखळी आली. पहिल्या टप्प्यातच ४६ ठिकाणी. गुरुग्राम येथे सारी माहिती एकत्र आणणारे केंद्र नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाले. वीस मीटरहून लांब नौकांना आपले स्थान सांगणारे यंत्र सक्तीचे झाले. ही सारी कामे आवश्यक होती. पण मधल्या काळातील एक प्रसंग विसरता येत नाही. ३१ जुलै २०११ रोजी ‘पवित’ नावाचे सुमारे एक हजार टनांचे मालवाहू जहाज, खलाशांनी महिनाभरापूर्वी ओमानजवळ सोडून दिलेले, वाहत वाहत थेट जुहूच्या वाळूत येऊन रुतले. नौदल, तटरक्षक दल आणि सागरी पोलीस अशी तीन पदरी राखण असताना ते कोणालाही दिसले नाही. पुढे १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर एक बेवारस नौका सापडली आणि तिच्यात तीन एके-४७ रायफली निघाल्या. तीही ओमानच्या बाजूने सोडून दिलेली, भरकटत आलेली. घातपाताचा संबंध नव्हता. पण तिच्याकडे प्रथम लक्ष गेले ते स्थानिक लोकांचे, आणि त्यांनीच पोलिसांना कळविले. हरिहरेश्वर आणि शेखाडी एकाच श्रीवर्धन तालुक्यात आहेत. एकोणतीस वर्षे आणि एवढी रडारे मध्ये घालूनही त्या किनाऱ्याचा पहिला पहारेकरी गावचा माणूसच राहिला आहे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सीमेवरचे लोक काय सगळे धुतल्या तांदळासारखे आहेत? तस्करीला वाट दाखवितात ते कोण? बांगलादेशाच्या सीमेवर गुरे पलीकडे नेणारे, पंजाबात ड्रोनने टाकलेली अमली पदार्थांची पाकिटे उचलणारे स्थानिकच नव्हेत काय? आक्षेप खोटा नाही. परंतु त्याचे उत्तर ‘माणसाला वगळा आणि यंत्र बसवा’ हे कसे होते, ते कळत नाही. यंत्राच्या पडद्यासमोरही माणूसच बसतो, आणि १९९३ साली फितूर झाले त्यांत गणवेशातले होते, हे आपण नुकतेच पाहिले. पंजाबात टाकलेले ड्रोन आणि पाकिटे पकडली जातात तेव्हा कितीदा तरी शेतकऱ्यानेच शेतात काही पडल्याचे कळविलेले असते. काही लोक फितूर होतात म्हणून साऱ्या वस्तीला संशयित मानले, की जे निष्ठावान आहेत तेही गप्प बसू लागतात. घुसखोराला हवी असते ती हीच शांतता.

आणि आपण त्यांना वागवितो कसे? पंजाबात कुंपण प्रत्यक्ष सीमारेषेच्या बऱ्याच आत आहे. त्यामुळे हजारो एकर जमीन कुंपणापलीकडे पडली. ज्याची जमीन पलीकडे, त्याने ओळखपत्र दाखवून, झडती देऊन, ठरलेल्या वेळातच आपल्या शेतात जायचे आणि ठरलेल्या वेळी परत यायचे. पाणी केव्हा सोडायचे हे पिकाने ठरवायचे नाही, फाटकाने ठरवायचे. कोळी बांधवाची तऱ्हा निराळी नाही. कधी ओळखपत्र, कधी होडीला रंग, कधी चौकशी. त्याने दिलेल्या खबरीचे पुढे काय झाले, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही. सुरक्षेसाठी काही निर्बंध असणारच, त्याला इलाज नाही. पण ज्याची आपण रोज झडती घेतो तोच आपला पहिला पहारेकरी आहे, हे झडती घेणाऱ्याच्या वागण्यात कुठेतरी दिसावयास हवे.

हे शहाणपण आपल्या परंपरेला नवे नाही. मराठेशाहीतील किल्ल्यांच्या घेऱ्यात मेटे असत, आणि त्या मेटांवर रामोशी, बेरड, कोळी, महार अशा आसपासच्या डोंगराची नस जाणणाऱ्या लोकांची राखण असे. त्यांना त्याबद्दल वतने-इनामे मिळत; फुकटची देशभक्ती त्यांच्याकडून अपेक्षिली जात नसे. रायगडावरील हिरकणीची आख्यायिका आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो. कोजागिरीच्या रात्री दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या बाळाच्या ओढीने ती गवळण कडा उतरून गेली. आपण या गोष्टीत आईची माया पाहतो, आणि ते योग्यच. पण राजाच्या बाजूने ती पाहा. अभेद्य मानलेल्या गडाला एक वाट आहे, ही गोष्ट कोणा किल्लेदाराला, कोणा अभियंत्याला ठाऊक नव्हती. दूध विकणाऱ्या बाईला ठाऊक होती. राजाने तिला कैदेत टाकले नाही. तिचा सत्कार केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला. बुरूज हे त्या काळचे तंत्रज्ञान होते. तो कोठे बांधायचा, हे हिरकणीने सांगितले. आधी हिरकणी, मग बुरूज, हा क्रम आपण आज उलटा केला आहे.

क्रम सुलटा राखला तर तंत्रज्ञान किती गुणाचे ठरते, याचेही उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथे मच्छीमार नौकांसाठी इस्रोच्या तंत्रावर आधारलेल्या उपग्रह-संपर्क यंत्रांच्या योजनेचा आरंभ झाला. एक लाख नौकांवर ती बसविण्याचा संकल्प आहे. या यंत्राने नौका कोठे आहे हे किनाऱ्याला कळते, आणि नौकेवरून किनाऱ्याला संदेशही पाठविता येतो. कोळ्यावर नजर ठेवणारे यंत्र आणि कोळ्याला बोलता करणारे यंत्र यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मात्र त्या संदेशाला मध्यरात्री दोन वाजता उत्तर देणारा माणूस किनाऱ्यावर जागा असला पाहिजे. नाहीतर तेही खेळणेच ठरेल.

दुसरा आक्षेप जवानांच्या कळवळ्याचा आहे : यंत्रे आली तर त्यांचे कष्ट वाचतील. वाचावेतच. पण कष्ट वाचविणे वेगळे आणि माणसे कमी करणे वेगळे. यंत्राने सूचना दिल्यावर तेथे दहा मिनिटांत पोहोचणारी तुकडी नसेल, तर घुसखोर आत कसा आला याचे सुरेख चलच्चित्र तेवढे आपल्या संग्रही राहील. जम्मूच्या सांबा भागात ऑगस्ट २०२० मध्ये सापडलेले भुयार उघडकीस आले ते पावसाने जमीन खचल्यामुळे, आणि खचलेल्या जमिनीकडे पायी गस्त घालणाऱ्यांचे लक्ष गेल्यामुळे. पायाखालची जमीन बदलली, हे पायी चालणाऱ्यालाच कळते.

मग करावे काय? माझ्या मते तीन गोष्टी करावयास हव्यात, आणि तिन्हींना नव्या शोधाची गरज नाही. पहिली म्हणजे, सीमेवरून आलेली प्रत्येक सूचना, मग ती यंत्राची असो, जवानाची असो वा गुराख्याची, कोणी ऐकली आणि तिच्यावर काय ठरविले, याची सहीनिशी नोंद व्हावी. सूचना फेटाळण्याचा अधिकार असावा, परंतु फेटाळणाऱ्याचे नाव कागदावर राहावे. गाझाच्या सीमेवर एवढी एक शिस्त असती, तर त्या मुलींचे म्हणणे इतक्या सहजी विरून गेले नसते. दुसरी म्हणजे, यंत्र घेण्याच्या खर्चाबरोबर त्याची निगा, दुरुस्ती आणि ते वाचणारी माणसे यांचा खर्च त्याच ठरावात मंजूर व्हावा. उद्‌घाटनाला मंत्री येतात; संवेदक गंजतो तेव्हा कोणी येत नाही. तिसरी म्हणजे, पगी, गुराखी आणि किनाऱ्यावरील सागर रक्षक दलाचे स्वयंसेवक यांच्या ज्ञानाला मोबदला आणि प्रतिष्ठा मिळावी. सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये उत्तर सीमेवरील गावांसाठी ४८०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तिच्यामागे ओस पडणारे गाव ही सीमेतील फटच आहे, हा विचार आहे. तो विचार रस्ते आणि दिव्यांपाशी थांबू नये; त्या गावच्या माणसाचे म्हणणे वरपर्यंत पोहोचण्याची वाटही तितकीच पक्की बांधावी.

पानिपतच्या वेळची एक गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना पराभवाची वार्ता जानेवारी १७६१ मध्ये वाटेत कळली, ती स्वतःच्या जासुदाकडून नव्हे. एका सावकाराच्या कासिदाकडील पत्रातून. राज्याची यंत्रणा मागे राहिली आणि पेढीची माणसे पुढे गेली. ज्यांचे पूर्वज त्याच काळात दूरच्या ठाण्यांवर जाऊन राहिले, त्या आपल्या घराण्यांना ठाण्याचे सांगणे आणि राजधानीचे ऐकणे यांतील अंतराची किंमत कोणी नव्याने समजावून सांगण्याची गरज नसावी.

तेव्हा पुढील व्याख्यानमालेत कोणी वक्ता पडद्यावर नवा कॅमेरा, नवे ड्रोन, नवी संगणकीय प्रज्ञा दाखवू लागला, तर टाळ्या जरूर वाजवाव्यात. नंतर मात्र उभे राहून एवढेच विचारावे : या यंत्राने दिलेली सूचना कोणाच्या टेबलावर जाते, आणि त्याने ती बाजूला सारली तर त्याला जाब कोण विचारतो? या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत यंत्राच्या किमतीची चर्चा पुढे ढकलली तरी चालेल.